बिनसाखरेचा चहा आणि आठ बिस्किटं

पत्र थोडक्यात असं: लिहिणाऱ्या ताई नाशिकच्या, वय 39, बँकेत नोकरी. घरात नवरा, सासूबाई आणि 11 वर्षांचा मुलगा. गेल्या दिवाळीनंतर नवऱ्याच्या तपासणीत एचबीए1सी, म्हणजे गेल्या दोनतीन महिन्यांतल्या रक्तातल्या साखरेची सरासरी दाखवणारा आकडा, 6.0 आला. डॉक्टरांनी मधुमेहाच्या उंबरठ्यावर असल्याचं सांगितलं आणि साखर, मैदा, तळलेलं कमी करायला लावलं. तेव्हापासून ताई सुपरमार्केटमध्ये ‘हेल्थ फूड’ची पाटी असलेल्या रांगेतूनच बरीचशी खरेदी करतात: डायजेस्टिव्ह बिस्किटं, नाचणी कुकीज, ब्राऊन ब्रेड, मल्टिग्रेन आटा, पेटीतला फळांचा रस, मुलासाठी दुधात घालायची पावडर. महिन्याचं बिल सहा हजारांवरून साडेनऊ हजारांवर गेलं. सहा महिन्यांनी पुन्हा तपासलं तर आकडा 6.2. सासूबाई म्हणतात, ‘पाकिटातलं ते पाकिटातलंच, नुसते पैसे जातात.’ नवरा म्हणतो, ‘मी चहातली साखर सोडली, आता आणखी काय करू?’ ताईंचा प्रश्न: ‘मी चुकीच्या कंपन्यांचं घेते आहे का? कोणत्या घ्यायच्या ते सांगा. की सासूबाईंचंच बरोबर आहे? एवढं करूनही माझंच काहीतरी चुकलं असं वाटत राहतं.’ पत्रासोबत त्यांनी पाच पाकिटांचे पुढून-मागून फोटो आणि महिन्याचं बिल पाठवलं आहे.

नमस्कार ताई,

आधी त्या आकड्याबद्दल. 5.7 ते 6.4 या टप्प्याला मधुमेहपूर्व अवस्था म्हणतात. 6.0 आणि 6.2 दोन्ही त्याच टप्प्यातले. एवढा फरक कधी कधी प्रयोगशाळा बदलली किंवा यंत्र बदललं तरी पडतो. तेव्हा हा आकडा म्हणजे तुमच्या सहा महिन्यांच्या कष्टांवर मारलेला शेरा आहे असं समजू नका. त्याचा अर्थ काय आणि पुढची तपासणी कधी करायची, हे डॉक्टरांनाच विचारा, आणि शक्यतो त्याच लॅबमध्ये करा. घरात कुणाला हे झालं म्हणजे घरातल्या बाईचं काही चुकलं, असं तर मुळीच नाही. 2023 साली जाहीर झालेल्या आयसीएमआरच्या, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या, देशव्यापी पाहणीचा अंदाज आहे की भारतात 13 कोटी 60 लाख लोक या उंबरठ्यावर आहेत. एवढ्या घरांतल्या एवढ्या बायका एकदम चुकत नसतात.

आता तुमचे फोटो. मी ते मोठे करून नीट वाचले, आणि माझं बहुतेक उत्तर त्यांतूनच येणार आहे.

डायजेस्टिव्ह बिस्किटांच्या पुढच्या बाजूला गव्हाच्या ओंब्या, तपकिरी रंग आणि ‘हाय फायबर’. मागे घटकांची यादी आहे. कायद्याने ही यादी वजनाच्या उतरत्या क्रमाने द्यावी लागते, जे सगळ्यात जास्त ते पहिलं. तुमच्या पाकिटावर पहिला मैदा आहे, मग पामतेल, मग साखर, मग आटा आणि कोंडा. खाली पोषणाचा तक्ता आहे. 100 ग्रॅममागे साखर 20 ग्रॅम, एकूण चरबी 20 ग्रॅम, त्यातली संपृक्त चरबी साडेनऊ, उष्मांक 480. ‘हाय फायबर’ खोटं नाही. 100 ग्रॅममध्ये 6 ग्रॅम तंतू असले की नियमाने तसं लिहिता येतं, आणि या पाकिटात ते साडेसहा आहेत. शब्द खरा आहे. फक्त त्याच पाकिटात साखर तंतूंच्या तिप्पट आहे, आणि ती पुढच्या बाजूला कुठेच नाही.

याला जोडून तुमच्या पत्रातलं एक वाक्य, जे तुम्ही अगदी सहज लिहून गेलात: ‘पूर्वी हे चहाबरोबर दोन साधी बिस्किटं घ्यायचे, आता ही चालतात म्हणून चार घेतात.’ ताई, सगळी गोष्ट इथेच आहे. सकाळी चार, संध्याकाळी चार, म्हणजे दिवसाला आठ. एक बिस्किट 10 ग्रॅमचं, म्हणजे 80 ग्रॅम. त्यात 16 ग्रॅम साखर, म्हणजे सपाट चार चमचे. उष्मांक 380 च्या वर, एका हलक्या जेवणाइतके. दोन कप चहातून तुमच्या यजमानांनी एकेक चमचा साखर काढली. चहातले दोन चमचे गेले, पण बिस्किटांतून रोज चार पोटात जातात. शिवाय मैदा आहेच, पचल्यावर त्याचीही साखरच होते. त्यांनी मनापासून पथ्य पाळलं आहे, यात मला शंका नाही. पण ‘चालतं’ हा शब्द त्यांना पाकिटाने दिला, डॉक्टरांनी नव्हे.

म्हणून ‘कोणत्या कंपनीचं घेऊ?’ या तुमच्या प्रश्नाचं उत्तर मी देणार नाही. त्या प्रश्नात एक गोष्ट गृहीत धरलेली आहे: आपण खातो त्या प्रत्येक पदार्थाचा एक ‘हेल्दी’ भाऊ दुकानात कुठेतरी ठेवलेला असतो, तो हुडकून घरी आणला की झालं. बिस्किटाच्या जागी हेल्दी बिस्किट, ब्रेडच्या जागी हेल्दी ब्रेड, कुकीच्या जागी नाचणीची कुकी. सवय तीच राहते, पाकीट बदलतं आणि बिल वाढतं. दुकानालाही हेच हवं असतं. ‘बिस्किटं कमी करा’ हा सल्ला कोणत्याच फळीवर विकायला ठेवता येत नाही.

दुकानाची मांडणी एकदा या नजरेने बघा. बऱ्याच मोठ्या दुकानांत शिरल्या शिरल्या भाजी आणि फळं लागतात. गाडीत पालक आणि पपई पडली की आपण आज नीट खरेदी करतो आहोत असं मनाला वाटतं, आणि पुढच्या रांगांमध्ये हात जरा सैल होतो. नजरेच्या उंचीची फळी आणि रांगेच्या टोकाची जागा कुणालाही फुकट मिळत नाही. मोठ्या दुकानांमध्ये कंपन्या त्या जागेसाठी पैसे मोजतात. चॉकलेटी कॉर्नफ्लेक्स नेमके तुमच्या मुलाच्या नजरेच्या उंचीवर असतात, तेही याच कारणाने. आणि तुम्ही ज्या रांगेवर विश्वास टाकलात तिची पाटी? ‘हेल्थ फूड’ म्हणून कोणतं पाकीट कुठे लावायचं हे दुकान आणि कंपनी ठरवतात. त्या पाटीखाली साधे ओट्स असतात, जवस असतात, आणि त्यांना खेटून साखरेत घोळलेला ग्रॅनोला, म्हणजे ओट्स-सुक्यामेव्याचं भाजलेलं मिश्रण, असतो. ओट्सच्या पुण्याईवर ग्रॅनोला खपतो. मोबाईलवरच्या दहा मिनिटांत सामान आणून देणाऱ्या ॲपमध्येही तेच, फक्त फळीच्या जागी ‘हेल्दी स्नॅक्स’ नावाचा कप्पा.

पाकिटावरच्या शब्दांचे माझ्या मते दोन प्रकार आहेत, आणि तुमच्यासारख्या प्रत्येक वाचकाला ते वेगळे करता यावेत असं मला फार वाटतं. काही शब्दांना माप आहे. एफएसएसएआय, म्हणजे देशाचं अन्नसुरक्षा प्राधिकरण, त्यांचे जाहिरात आणि दाव्यांचे नियम 2018 साली आले. त्यानुसार घन पदार्थाला ‘लो शुगर’ म्हणायचं तर 100 ग्रॅममध्ये साखर 5 ग्रॅमपेक्षा जास्त नको. ‘शुगर फ्री’ला अर्धा ग्रॅम. ‘लो फॅट’ला 3 ग्रॅम. हे शब्द मोजून तपासता येतात. दुसरे शब्द वातावरण तयार करतात: ‘गुडनेस’, ‘आजीच्या हातची चव’, ‘बेक्ड’, ‘मल्टिग्रेन’, ‘फिट’, ‘लाइट’ असं काहीतरी ब्रँडचं नाव, हिरवा रंग, शेताचं चित्र. यातून साखर किती, मीठ किती, काहीच कळत नाही. नावातच ‘नॅचरल’ किंवा ‘प्युअर’सारखा शब्द असेल आणि त्याने दिशाभूल होण्यासारखी असेल, तर हे केवळ ब्रँडचं नाव आहे, पदार्थाचा गुण नव्हे, अशी ओळ छापायची सक्ती आहे. ती ओळ तुम्ही कधी वाचली आहे का? बहुतेकांनी वाचलेली नसते.

याशिवाय एक उपप्रकार म्हणजे जे मुळातच नव्हतं ते काढल्याचं श्रेय घेणं. वनस्पतीच्या तेलात कोलेस्टेरॉल नसतंच, तरी बाटलीवर ‘कोलेस्टेरॉल फ्री’. तुमच्या रसाच्या पेटीवर ठळक लिहिलंय, ‘नो ॲडेड प्रिझर्व्हेटिव्ह’. ते खरं असेलही, पण तुमच्या घरातला प्रश्न साखरेचा आहे, आणि मागे 100 मिलिलिटरला 13 ग्रॅम साखर आहे. 200 मिलिलिटरचा एक ग्लास म्हणजे 26 ग्रॅम, साडेसहा चमचे. जागतिक आरोग्य संघटनेचं 2015 पासूनचं सांगणं असं की साध्या माणसाने दिवसभरात अशी साखर 50 ग्रॅमच्या आत ठेवावी, आणि 25 च्या आत ठेवता आली तर उत्तम. संघटना फळांच्या रसातली साखरही यात धरते. एका ग्लासात 25 ग्रॅमचा कोटा संपला. संत्रं सोलून खाल्लं असतं तर चोथ्यासकट पोटात गेलं असतं आणि एकदोन संत्र्यांवर पोट भरलं असतं.

इथे टक्क्यांचीही एक मेख आहे. पाकिटावर ‘दर सर्व्हिंगला दैनंदिन गरजेच्या 8 टक्के’ असं काही दिसतं. साखरेचा तो टक्का वरून घातलेल्या साखरेच्या 50 ग्रॅमच्या हिशोबाने काढलेला असतो, 25 च्या नव्हे, आणि सर्व्हिंग, म्हणजे एका वेळी खायचं प्रमाण, किती मोठी हे कंपनी ठरवते. तुमच्या डायजेस्टिव्हची सर्व्हिंग दोन बिस्किटांची आहे. तुमच्या घरात सर्व्हिंग चार बिस्किटांची आहे, दिवसातून दोनदा. म्हणून सर्व्हिंगचा रकाना सोडून द्या आणि 100 ग्रॅमचा रकाना बघा. दोन पाकिटांची तुलना तिथेच नीट होते.

नाचणी कुकीजच्या फोटोने मला सगळ्यात जास्त वाईट वाटलं, कारण त्यात तुमची आशा दिसते. 2023 हे भरडधान्यांचं आंतरराष्ट्रीय वर्ष होतं. त्या सुमारास ज्वारी, बाजरी, नाचणी एकदम पाकिटांवर झळकायला लागली. आपल्या धान्याला मान मिळाला, याचा मला आनंदच आहे. पण लेबलच्या नियमात एक फार उपयोगी कलम आहे. एखादा घटक तुम्ही शब्दाने किंवा चित्राने पुढे मिरवलात, तर तो पदार्थात किती टक्के आहे हे मागे लिहावंच लागतं. तुमच्या कुकीजवर नाचणीच्या कणसाचं मोठं चित्र आहे. मागे पहिला मैदा, दुसरी साखर, तिसरं पामतेल, आणि मग नाचणीचं पीठ 11 टक्के. पाकीट 150 ग्रॅमचं, बिलावर किंमत 60 रुपये. म्हणजे 60 रुपयांत साडेसोळा ग्रॅम नाचणी आली, मूठभरसुद्धा नाही. त्याच पैशांत किराणा दुकानातून किलोभर नाही तरी त्याच्या जवळपास अख्खी नाचणी येते. मल्टिग्रेन आट्याचंही असंच होतं. अशा अनेक आट्यांत 90 टक्क्यांच्या आसपास गहूच असतो आणि उरलेल्या दहांत पाचसहा धान्यं वाटून घेतलेली असतात. तुमच्या पाकिटावर गहू 91 टक्के आहे. वाईट नाही, साध्या चक्कीच्या पिठासारखंच आहे, फक्त महाग आहे. ब्राऊन ब्रेडवर पहिला मैदा, आटा त्याच्यामागे, आणि शेवटाकडे रंग 150ए. हा कॅरमेलचा रंग. निदान या ब्रेडच्या तपकिरीपणात त्याचा वाटा आहे.

मुलाच्या पावडरीबद्दल वेगळं सांगते, कारण त्यात एक इतिहास आहे. दुधात घालायच्या या माल्टच्या पावडरी आपल्या दोन पिढ्यांनी ‘हेल्थ ड्रिंक’ म्हणून प्यायल्या. अन्नसुरक्षा कायद्यात ‘हेल्थ ड्रिंक’ अशी व्याख्याच नाही. एप्रिल 2024 मध्ये प्राधिकरणाने आणि मग वाणिज्य मंत्रालयाने ऑनलाइन दुकानांना सांगितलं की ही पेयं ‘हेल्थ ड्रिंक’च्या कप्प्यात लावू नका. त्याच महिन्यात हॉर्लिक्सच्या कंपनीने आपल्या गटाचं नाव बदलून ‘फंक्शनल न्यूट्रिशनल ड्रिंक’ केलं. डब्यातली पावडर तीच. तुमच्या मुलाला ती एकदम बंद करू नका, 11 वर्षांच्या मुलाशी दुधावरून रोज भांडण नको. दोन चमच्यांचा दीड करा, पंधरा दिवसांनी एक, मग अर्धा. त्याला सांगून करा, लपवून नको. दूध स्वतःच पौष्टिक आहे, त्याला पावडरीचा टेकू लागत नाही.

तुम्हाला वाटेल, एवढं सगळं सरकार चालू का देतं? काही गोष्टी हलल्या आहेत, आणि त्या कुणीतरी नेट धरल्यामुळे हलल्या. कॉन्सन्ट्रेटमध्ये, म्हणजे आटवलेल्या रसात, पाणी घालून केलेल्या रसांवरचा ‘100 टक्के फळांचा रस’ हा दावा काढायला जून 2024 मध्ये सांगण्यात आलं. ओआरएसचं उदाहरण तर प्रत्येक आईला माहीत असावं. जुलाबात बाळाला द्यायच्या जलसंजीवनीत जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्राप्रमाणे लिटरला साडेतेरा ग्रॅम ग्लुकोज असतं. नावात ‘ओआरएस’ लावलेली फळांच्या चवीची गोड पेयं त्याच्या कितीतरी पट साखर घेऊन दुकानांत बसली होती. हैदराबादच्या बालरोगतज्ज्ञ डॉ. शिवरंजनी संतोष अनेक वर्षं याविरुद्ध लढल्या. 2022 मध्ये एकदा बंदी आली, मग खाली खुलाशाची ओळ छापून नाव वापरायला परवानगी मिळाली, आणि शेवटी ऑक्टोबर 2025 मध्ये ती परवानगीही मागे घेतली गेली. मला यातून एवढंच दिसतं की पुढे मोठा शब्द आणि खाली बारीक खुलासा, ही तडजोड ग्राहकाच्या कामाची नसते. चिलीने 2016 पासून जास्त साखरेच्या, मिठाच्या, चरबीच्या पाकिटांवर समोरच काळे अष्टकोन छापायला लावले. आपल्याकडे 2022 मध्ये चांदण्यांच्या मानांकनाचा मसुदा निघाला, आणि एप्रिल 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पुढच्या बाजूच्या इशाऱ्याबाबत समितीला तीन महिन्यांत शिफारशी द्यायला सांगितलं. चांदण्यांपेक्षा काळा इशारा मला जास्त प्रामाणिक वाटतो. चांदण्यांत थोड्या तंतूंच्या जोरावर भरपूर साखर झाकली जाऊ शकते, तुमच्या डायजेस्टिव्हसारखीच.

मग सासूबाईंचं बरोबर का? बिस्किटांच्या बाबतीत हो, आणि हे त्यांना मोकळेपणाने सांगा, त्यांना बरं वाटेल. पण ‘पाकिटातलं ते पाकिटातलंच’ हे सरसकट खरं नाही. तुमच्याच बिलावर साधे ओट्स आहेत, ज्यांच्या घटकांच्या यादीत एकच शब्द आहे. दही आहे, दूध आणि विरजण. गोठवलेले मटार आहेत, त्यात मटारच आहेत. भाजलेले फुटाणे आहेत. ही पाकिटं तुमचा वेळ वाचवतात आणि काही लपवत नाहीत, ती बिनधास्त घ्या. उलट घरी केलेलं सगळं आपोआप पथ्याचं होत नाही. उपासाची साबुदाणा खिचडी, चिवड्याचा डबा, जेवणाबरोबर रोज पापड आणि लोणचं, संध्याकाळचे शंकरपाळे, हे प्रेमाने केलं तरी रक्त साखर आणि मीठच मोजतं. गुळाचंही तसंच. ‘नो रिफाइन्ड शुगर’ लिहिलेल्या गुळाच्या किंवा खजुराच्या लाडवांना घरात वेगळा मान मिळतो, पण गुळाचा बहुतांश भाग साखरच असतो.

मला एक भीती आहे. तुम्ही हे वाचून उद्यापासून सगळं घरी करायला लागाल, सकाळी पाचला उठून भाकऱ्या, रात्री भाजणी. तसं करू नका. दिवसभर नोकरी करून ते दोन आठवडे टिकेल, मग थकवा येईल आणि पुन्हा अपराधी वाटेल. मी सुचवते ते यापेक्षा कमी कामाचं आहे.

चहाबरोबरची सवय आधी धरा, कारण घरातली सगळ्यात मोठी गळती तिथे आहे. बिस्किटं घरात आणायचीच नाहीत असं ठरवलं तर कदाचित पहिला आठवडा कुरकुर होईल. तेवढी तयारी नसेल तर दोनवर या, आणि पाकीट टेबलावर न ठेवता बशीत दोन काढून द्या. सोबत मूठभर फुटाणे किंवा शेंगदाणे. रसाची पेटी बिलातून काढून टाका, तिच्या जागी पेरू, संत्री, पपई, हंगामात जे स्वस्त असेल ते. नाचणी, ज्वारी अख्खी घ्या आणि गव्हाबरोबर चक्कीवरून दळून आणा. गहू तीन भाग, बाकी धान्य एक भाग असं सुरुवातीला केलं तर पोळी फाटत नाही आणि मुलगाही नाक मुरडत नाही. ब्रेड हवाच असेल तर जिथे पहिला शब्द आटा आहे आणि त्याचा टक्का मोठा आहे तो शोधा, रंगावर जाऊ नका.

दुकानात प्रत्येक पाकीट वाचायला कुणालाच वेळ नसतो. नवीन पाकीट पहिल्यांदा घेताना तेवढं वाचा. अक्षरं बारीक असतात, तर मोबाईलने फोटो काढून मोठा करा. घटकांतले पहिले तीन शब्द बघा. त्यांत साखर, मैदा किंवा पामतेल असेल तर पुढे काहीही लिहिलेलं असो, तो खाऊ आहे, कधीतरी खायचा. साखर दुसऱ्या नावांनीही येते: ग्लुकोज सिरप, इन्व्हर्ट सिरप, डेक्स्ट्रोज, मध, फळांचं कॉन्सन्ट्रेट. माल्टोडेक्स्ट्रिन साखरेच्या रकान्यात दिसत नाही, पण रक्तातली साखर झपाट्याने चढवतं. मग जो घटक पुढे मिरवलाय त्याचा टक्का. मग 100 ग्रॅमच्या रकान्यातली साखर, चारने भागली की चमचे. मीठ बघायचं असेल तर सोडियम बघा. दिवसाची मर्यादा 2000 मिलिग्रॅम धरलेली असते, ओट्सच्या मसालेदार पुड्या आणि आटा नूडल्स इथे पकडल्या जातात. ‘शुगर फ्री’ बिस्किटांत साखर जवळपास नसतेच, पण मैदा आणि चरबी बहुधा असते, म्हणून तीही आठ खाण्यासाठी नाहीत.

आणि हे सगळं तुम्ही एकटीने करू नका. पत्रात मला सगळ्यात जास्त खटकलं ते हे: आजार यजमानांचा, यादी तुमची, खरेदी तुमची, आणि आकडा वाढला तेव्हा चूकही तुमची. ते शिकलेले आहेत, त्यांना वाचता येतं. येत्या रविवारी त्यांना बिस्किटाचं पाकीट हातात द्या आणि आठ बिस्किटांची साखर त्यांनाच काढायला सांगा. तुम्ही सांगितलेला आकडा टोमणा वाटेल, त्यांनी स्वतः काढलेला वाटणार नाही. महिन्याची किराण्याची फेरी त्यांच्याबरोबर करा, निदान त्यांच्या खाण्याची पाकिटं तरी त्यांनी निवडावीत. मुलालाही सामील करा, 11 वर्षांच्या मुलाला चारने भागायला आवडतं. जेवणानंतर पंधरावीस मिनिटं चालणं डॉक्टरांनी सांगितलंच असेल. बिलात वाचलेल्या पैशांनी जमलं तर एकदा आहारतज्ज्ञाकडे जाऊन या, कारण यजमानांचं वजन, कामाच्या वेळा, औषधं यांचा हिशोब मला इथून करता येणार नाही.

शेवटी, एखाद्या पाकिटावरचा दावा तुम्हाला सरळ खोटा वाटला, म्हणजे ‘लो शुगर’ लिहिलंय आणि तक्त्यात 5 ग्रॅमच्या वर आहे, किंवा नाचणीचं चित्र आहे आणि टक्का कुठेच नाही, तर गप्प बसू नका. पाकिटाच्या दोन्ही बाजूंचा, बॅच क्रमांकाचा आणि बिलाचा फोटो ठेवा. एफएसएसएआयच्या ‘फूड सेफ्टी कनेक्ट’ ॲपवर तक्रार करता येते, राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक 1915 आहे, आणि राज्यात अन्न व औषध प्रशासनाचं जिल्हा कार्यालय असतं. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला अन्नसुरक्षा कायद्यात 10 लाखांपर्यंत दंड आहे. तुम्ही पाठवलेल्या पाच पाकिटांत मला नियमाबाहेरचं काही दिसलं नाही, म्हणून त्यांच्याविरुद्ध तक्रार करायला जाऊ नका. पण पुढच्या तपासणीचा आकडा आला की मला जरूर कळवा, कमी आला तरी आणि नाही आला तरी.

तुमची,
सदरलेखिका